शंभरपैकी एक्केचाळीस

धीर धरणं मला कधी जमलंच नाही. सातपूरच्या औषध कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले तेव्हाही उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशीच माझी तऱ्हा होती. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. अकाउंट्समध्ये नवा कॉम्प्युटर आला होता. तिथला कारकून डबा खायला उठला रे उठला, की मी त्याच्या खुर्चीत.

आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर नव्हता. हे यंत्र पदार्थाचे तुकडे करतं आणि प्रत्येक तुकड्याचं वस्तुमान सांगतं. त्या आकड्यांवरून पदार्थ ओळखायचा. नमुना मुंबईला पोचवायचा, मग पोस्टाने आकड्यांची यादी यायची. ती पुस्तकाशी ताडून बघण्यात दोन-दोन दिवस जात. मला कुठले दोन दिवस निघायला! जेवणाच्या सुट्टीत बसून मी बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला. आमच्या कारखान्यातल्या चाळीसेक पदार्थांचे आकडे त्यात भरले. नवी यादी टाइप केली की तो सगळ्यात जवळचं नाव छापायचा आणि जुळणीला शंभरपैकी गुण द्यायचा. काय ऐट होती माझी तेव्हा!

एक बॅच परदेशी जायची होती. तिचा नमुना मीच एसटीने मुंबईला नेला. यादी आली, तर औषधाबरोबर आणखी काहीतरी दिसत होतं. मी आकडे टाइप केले. प्रिंटरने नाव छापलं ते त्याच रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे औषध बनवायच्या टाकीत, आधी बनलेल्या औषधाचं. गुण एक्केचाळीस. पस्तीसला तर मॅट्रिक होतात, असं म्हणून मी हसलेसुद्धा. साहेब मागेच उभे होते. त्यांनी तो कागद फाडून घेतला.

आधीचं औषध उरलं, म्हणजे रिअ‍ॅक्टर नीट धुतला नाही. धुणारा ऑपरेटर देवळ्याकडचा, माझ्याहून बराच मोठा. सगळे त्याला दादा म्हणायचे. महिनाअखेरीला तो पर्मनंट व्हायचा होता. आता घरी बसायची पाळी आली.

"तीनदा धुतलंय मॅडम," प्रयोगशाळेच्या दारातूनच तो म्हणाला. "लय घासलंय. खोटं नाय बोलत."

"दादा, आकडेही खोटं बोलत नाहीत," मी म्हणाले. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

तो गेला आणि मला बसवेना. उभं राहावं तर पाय ठरेनात. यादी पुन्हा काढली. औषधाचे आकडे वगळले, तर उरलेल्यांत सगळ्यात ठळक होता एकशे एकोणपन्नास. तो जुळत होता. बाकीचे बहुतेक जुळत नव्हते, आणि ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईला ट्रंककॉल लावला. तो लागेपर्यंत टेबलापासून खिडकीपर्यंत किती येरझारा घातल्या, देव जाणे.

"एकशे एकोणपन्नास?" तिकडे यंत्र चालवणारे गृहस्थ म्हणाले. "बाटलीला प्लॅस्टिक लावलं होतं का हो? प्लॅस्टिक मऊ करायला जे घालतात ना, त्याचा आकडा आहे तो. आम्हाला रोज दिसतो."

लावलं होतं. मीच. एसटीत बाटली गळू नये म्हणून झाकणाखाली पिशवीचा तुकडा घातला होता, आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले होते. प्रोग्रॅममध्ये फक्त आमचेच पदार्थ भरलेले; त्यात प्लॅस्टिकचं नाव येणार कुठून? आणि 'ठाऊक नाही' म्हणायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. माझ्यावरच गेला होता तो.

धावत साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. दादाचं अक्षर, सकाळीच लिहून दिलेलं. दोनदाच धुतलं असेल, तिसऱ्यांदा धुतल्याचा भास झाला असेल, कॉम्प्युटर सांगतो म्हणजे माझंच चुकलं, माफी असावी.

मी तिथेच रडले. मग भांडले. त्याच बॅचचा नमुना काचेच्या बुचाच्या बाटलीतून पुन्हा पाठवायला लावला. यादी येईपर्यंत मला ना जेवण गोड लागलं, ना झोप आली. घरात ज्याच्या-त्याच्यावर खेकसत होते. यादी आली. एकशे एकोणपन्नास नव्हता.

दादा पर्मनंट झाला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो पेढ्यांच्या पुड्याकडेच बघत राहिला.

"मग मी तीनदा धुतलं होतं ना, मॅडम?" त्याने मलाच विचारलं.

"हो दादा, तीनदाच."

प्रोग्रॅम मी दुरुस्त केला. गुण कमी पडले की तो 'ओळखता येत नाही' असं छापू लागला. दादा मात्र त्यानंतर रिअ‍ॅक्टर चार वेळा धुवायचा, आणि दर वेळी मला बोलावणं पाठवायचा, मॅडम, जरा बघून घ्या. मी असेन तिथून उठून जायचे. त्या कारखान्यात होते तोवर एकदाही त्याला माझी वाट बघत थांबायला लावलं नाही.