कंट्रोलर अप्पांची रॉकेटगाडी

कंट्रोलर अप्पांचा आवाज असा, की त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून पाणी मागितलं तरी गल्लीतली दोन-चार माणसं पिशवी सावरून उठायची. अख्खी नोकरी तालुक्याच्या बसस्टँडवर, खिडकीत बसून गाड्या लावण्यात आणि सोडण्यात गेलेली. निवृत्त होऊन कर्नाटकातल्या राजेश्वर गावी घरी आले तरी आवाज काही निवृत्त झाला नव्हता. मी तेव्हा तिथल्या मराठी शाळेत शिकवायचे, आणि माझी भाड्याची खोली त्यांच्या ओट्याला लागून होती. पहिल्याच संध्याकाळी मी कुलूप उघडतेय, तोच शेजारून गर्जना झाली, "लक्ष द्या, लक्ष द्या! बारा नंबरची टाकी शेडातून निघालेली हाय! रस्ता बंद हाय!" मी दचकून भिंतीला चिकटले. वाटलं, पाण्याचा टँकर येतोय.

टँकर कसला! रॉकेट होतं ते. तेही अमेरिकेत, समुद्राकाठी, कुठल्याशा खाजगी कंपनीचं. तिथल्या हौशी लोकांनी कुंपणाबाहेर कॅमेरे लावून ठेवलेले, आणि आतलं बांधकाम चोवीस तास फोनवर दिसायचं. मुलानं अप्पांना फोन दिला होता भजनं ऐकायला. भजनं राहिली बाजूला, अप्पांना यार्ड सापडलं! आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची सकाळ, कामाला हात लागायची वेळ. सहाच्या ठोक्याला अप्पा ओट्यावर खुर्ची टाकायचे, फोन पानाच्या डब्याला टेकवायचे आणि घोषणा सुरू. आधी कन्नडात, मग मराठीत, आणि शेवटी समोरच्या टेलर खाजाभाईंसाठी दख्खनीत, "टाकी निकल गई खाजाभाई, मशीन छोड के आव!" खाजाभाई खरोखरच मशीन सोडून यायचे.

तिथल्या प्रत्येक यंत्राला अप्पांनी नाव दिलं होतं. मोठी क्रेन म्हणजे उंट, छोटी म्हणजे शेळी. थंडगार इंधन घेऊन येणारे लांबलचक टँकर म्हणजे दूधगाड्या. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर रकाने आखून रोजची नोंद व्हायची: काय आलं, काय गेलं, काय नुसतंच उभं आहे. एखादं इंजिन काढून नेलं की शेरा पडायचा, "गाडी वर्कशॉपला." काकू भाजी निवडता निवडता आतून विचारायच्या, "काय म्हणायलीय माझी सवत? उभी हाय का आडवी?" अप्पा लाजायचे. हो, चक्क लाजायचे!

कंपनीच्या मालकाचं बोलणं मात्र ते कानामागे टाकायचे. मालक म्हणायचा, सगळी तयारी झाली. अप्पा मला म्हणायचे, "मालकाचं तोंड बघू नको, अक्का. यार्डात काय हलायलंय ते बघ. उंट अजून टॉवरला चिकटून हाय. उंट बाजूला झाल्याशिवाय कुठली गाडी सुटायली?" आणि तारखेचा त्यांचा एक नियमच होता: जाहीर वेळ गुणिले तीन. बिघडलेल्या गाडीजवळचा मेकॅनिक दहा मिनिटं म्हणाला की अर्धा तास धरायचा, हे स्टँडवरचं शहाणपण. मी हसायचे. पण दोन वर्षं मी हिशेब ठेवला, आणि अप्पांचा नियम एकदाही चुकला नाही. कंपनीनं महिना म्हटलं की तीन महिने, आठवडा म्हटलं की तीन आठवडे. पुढंपुढं मी शाळेत गुणाकार शिकवतानाही हेच उदाहरण घ्यायला लागले.

अडचण एकच होती, आणि ती लहान नव्हती. अप्पांचा उजवा डोळा लहानपणीच विटी लागून गेलेला. सगळा कारभार डाव्यावर, आणि डाव्यात मोतीबिंदू पिकलेला. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली की अप्पांचं ठरलेलं उत्तर, "आत्ता कामून? टॉवर चढायलाय की!" टॉवर चढला. मग रॉकेटच्या टाक्या एकावर एक लागल्या. मग इंजिनं आली. तीन तारखा हुकल्या. एका संध्याकाळी अप्पांनी जोरात घोषणा केली, "बारा नंबर!" आणि खाजाभाई हळूच म्हणाले, "अप्पा, पंदरा है वो." अप्पांनी फोन बंद केला. खुर्ची उचलून आत गेले. त्यांच्या तोंडून चुकीचा नंबर गेलेला कुणी कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी आणि काकूंनी त्यांना धरूनच कलबुर्गीला नेलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, अजून लांबवलंत तर हाही डोळा जाईल. काकू तिथंच रडायला लागल्या. अप्पांचं आपलं एकच, "सुटू द्या एकदा, मग डोळा काढा, कान काढा, काय बी काढा. इतकी वर्षं एकेक पत्रा लागताना बघितलो, आणि निघायच्या टायमाला मी झोपून राहू व्हय?" आता मला राग आला. कंपनीनं त्याच आठवड्यात उड्डाण जाहीर केलं होतं, पंधरा दिवसांवरचं. डॉक्टरांची तारीखही नेमकी तीच. मी म्हटलं, "अप्पा, तुमचाच नियम लावा. पंधरा गुणिले तीन किती?" ते पुटपुटले, "पंचेचाळीस." "म्हणजे ऑपरेशन होऊन महिना उरतो. नव्या डोळ्यानं बघाल. माझा शब्द!" अप्पांचा चेहरा उजळला. मास्तरणीचं गणित कुठं चुकतं, म्हणाले, आणि सही केली.

चुकलं हो! मेल्या कंपनीनं जन्मात पहिल्यांदा वेळ पाळली.

ऑपरेशन सकाळी झालं. संध्याकाळी अप्पा वॉर्डात पडलेले, डाव्या डोळ्यावर पट्टी, उजवा तर नावालाच. पट्टी उद्या सकाळी निघणार. मी फोन उघडला, तर यार्डातून उंट गेलेला. शेळी गेलेली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. सांगू की नको? मी फोन पालथा घातला. अप्पांनी उशीवरूनच विचारलं, "अक्का, का गं गप झालीस? उंट हलला ना?" मी हो म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं. "माझा शब्द गेला, अप्पा." ते म्हणाले, "शब्दाचं राहू दे. सांगत बस. दूधगाड्या किती उभ्या हायत?"

मग काय विचारता! वॉर्डात सात-आठ म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि सगळे उरलेला डोळा घेऊन माझ्या फोनवर वाकलेले. निंबर्ग्याची एक आजी तर माझ्या मांडीवरच रेलली. सिस्टरनं बजावलं होतं, पेशंटला हलू द्यायचं नाही, दंगा नाही. अप्पा एकटेच छताकडे तोंड करून निजलेले, हात पोटावर, आणि प्रश्नांचा मारा चाललेला. "वाफ कुठून निघायली?" "वरून." "वरून म्हणजे टाकी भरली. टॉवरचा हात?" "मागं सरकला." "पाणी सोडले का खाली, जाळ झेलायला?" "सोडलं, अप्पा, आत्ता सोडलं!" काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला होता, आणि ओठ हलत होते. सवतीसाठी गाणगापूरच्या महाराजांना साकडं घालत होत्या बिचाऱ्या.

उलटी मोजणी सुरू झाली. मी मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती: धूर कसा, ज्वाळा कशी, टॉवरपासून किती वर गेलं, सगळं क्रमानं सांगायचं. वर्गात समजावते तसं. आणि खालून तो उजेड फुटला, तो एवढा मोठा पोलादी डोलारा, ज्याचा एकेक पत्रा आम्ही ओट्यावर बसून मोजला होता, तो जागचा हलला, आणि माझी वाचाच गेली. एक शब्द सुचेना. मी उभी राहिले, फोन छातीशी धरला आणि नुसती किंचाळत सुटले, "अप्पा! अप्पा! अप्पा गं बाई! अप्पा!" आजीनं टाळ्या पिटल्या. कुणीतरी शिट्टी मारली. सिस्टर धावत आली. अप्पा मात्र मान जराही न हलवता म्हणाले, "व्हय, व्हय. कळालं. बस आता खाली, पडशील."

सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी बोटं मोजायला लावली, अप्पांनी न चुकता मोजली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, तुझे केस एवढे पांढरे हायत व्हय! कुणी सांगितलंच न्हाई." मी हसत, डोळे पुसत त्यांच्या हातात फोन दिला, रात्रीच उतरवून ठेवलेल्या उड्डाणाच्या व्हिडिओसकट. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला. ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघितला. नवा डोळा लख्ख, एक पापणी लवली नाही. मग फोन परत देत म्हणाले, "चांगली हाय. पण काल तू सांगितलीस तशी न्हाई."

"मी कुठं काय सांगितलं, अप्पा? नुसती तुमच्या नावानं ओरडत होते."

"तेच की," अप्पा म्हणाले.