हातरिक्षेतला प्रवासी बदलला म्हणून चित्र हटवलं

मंडळी, आज रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आपल्या या चित्रकला ग्रुपवरून माझं चित्र हटवण्यात आलं.

या आठवड्याचं आव्हान होतं, दिलेलं चित्र आपापल्या नजरेने पुन्हा काढा. मूळ चित्रात माथेरानच्या हातरिक्षेत एक बाई ऐटीत बसली आहे आणि रिक्षावाला ओढतोय. मी कर्जतची, तो चढ मला चांगला ठाऊक आहे. मी बाईला ओढायला लावलं आणि रिक्षावाल्याला आत बसवून हातात चिक्की दिली.

अ‍ॅडमिनसाहेबांचा मेसेज आला, "काकू, मूळ चित्राचा मूड बिघडला. फक्त रंग बदला ना."

मी लिहिलं, "रंगच बदलायचे तर रंगारी बोलवा. आणि मी तुमची काकू नाही."

आता पुढे ऐका! हटवण्याआधी ग्रुपवर माझं चित्र पाहिलेल्या खुद्द मूळ चित्रकाराने तासाभरात मला लिहिलं, "ताई, हे मला का नाही सुचलं? माझ्या भिंतीवर लावायला द्याल?" या वयात मी स्वयंपाकघरात नाचले हो!

आव्हान आज रात्री संपतंय. नजर आपली आणि चित्र मात्र जसंच्या तसं, हे तुम्हाला तरी पटतं का?

अ‍ॅडमिनसाहेब, संध्याकाळी सहाच्या आत चित्र परत लावा, नाहीतर इथेच सगळ्यांसमोर लेखी कारण द्या. फोन केलात तर उचलणार नाही.