आहेराच्या वहीतली वजाबाकी

माणिकरावांनी नकाशाला हार घातला तेव्हा माझ्या तोंडात पेढा होता. पण थांबा म्हणावं असं तेव्हा वाटतही नव्हतं. माझा रिपोर्ट बरोबर आहे अशी माझी ठाम समजूत होती.

माणिकराव परभणीत पेरणीयंत्रं बनवतात. त्यांना परदेशात छोटं युनिट काढायचं होतं. निवड दोन बेटांवर आली होती. देश इतके लहान, की नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. ते थोरलं बेट आणि धाकटं बेट म्हणत. बाहेरचे लोक कुठे जास्त पैसा गुंतवतात, एवढं मी आकड्यांवरून सांगायचं होतं. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून रिटायर झाल्यावर मी असली कामं घेते.

आकडा होता 'नेट एफडीआय'चा. बाहेरच्या माणसाने तुमच्या देशात कारखाना काढला की ती एफडीआय, म्हणजे थेट परकीय गुंतवणूक. तुमच्या माणसाने बाहेर जाऊन काढला तर तीही एफडीआय, फक्त उलट दिशेची. दोन्हींतला फरक म्हणजे नेट. तक्त्यात धाकट्यापुढे अधिक होतं, थोरल्यापुढे वजा. मी धाकटं सुचवलं. तीन वाजता तिथल्या एजंटचा व्हिडिओ कॉल होता. त्यावरच जागेचं टोकन द्यायचं, आणि ते परत मिळणार नव्हतं. पावणेतीनला नारळ फुटला.

माणिकरावांच्या आई, गयाबाई, ताडकळसहून आल्या होत्या. केबिनमधल्या सोफ्यावर बसून, नातवाच्या लग्नासाठी आहेराची वही चाळत होत्या.

"बाई, थोरल्याला वजा कामून हो?" टेबलावरच्या माझ्या रिपोर्टमधल्या तक्त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

"तिथून पैसा बाहेर गेला ना, म्हणून."

"आमच्या वहीत तर आलेल्याला वजा ऱ्हाते."

मी हसले. शिकवायची खोड जात नाही, म्हणून समजावायला शेजारी जाऊन बसले. समजावलं त्यांनीच.

"ह्ये बघा. पूर्णेच्या मामीनं साडी आणली, तिच्या नावापुढं वजा. आली म्हंजे फेडायची हाय ना? आन् देवगाव फाट्याच्या सोयऱ्याला आमी भांडी दिली, तिथं अधिक. त्ये आपलं येणं हाय."

मी तडक उठले. लॅपटॉप उघडला आणि तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप पहिल्यांदा वाचली. देशाचं बाहेरचं येणं, त्यातून बाहेरच्यांचं देणं वजा. म्हणजे बाहेरून आलेली गुंतवणूक देण्यात धरलेली. वजा असलेल्या थोरल्या बेटावर पैसा येत होता. धाकट्याचे शेठ स्वतःच पैसा घेऊन बाहेर पळत होते. इतकी वर्षं पोरांना 'टीप वाचा' म्हणून ओरडले आणि स्वतः वाचली नाही. लाज वाटली.

"माणिकराव, रिपोर्ट उलटा झालाय. थोरलं घ्या."

"काय सांगायलाव मॅडम? नारळ फुटला की ओ!"

"नारळाला काय कळायलंय कोणतं बेट त्ये," गयाबाई म्हणाल्या. "त्याच नकाशावर थोरलंबी हाय."

तेवढ्यात स्क्रीनवर एजंट उगवला. माणिकराव गडबडले आणि इंग्रजीत म्हणाले, "सर, मदर सीरियस." इंग्रजी न येणाऱ्या गयाबाईंनी लेकाचा चेहरा पाहिला आणि सोफ्यावर आडव्या होऊन डोळे मिटले. एजंटने हात जोडले. त्याला मागचा हार दिसला आणि त्याने घाईघाईने मानही खाली घातली. कॉल संपला. टोकन वाचलं.

"गेला का त्यो?" गयाबाईंनी एक डोळा उघडून विचारलं.

रिपोर्ट मी पुन्हा करून दिला, फुकट. माणिकरावांचं युनिट थोरल्या बेटावर सुरू आहे. मी आता कुठलाही तक्ता उघडला की आधी तळाची टीप वाचते.

त्या दिवशी निघताना गयाबाईंनी माझ्यादेखत वहीत लिहिलं होतं: 'कॉलेजच्या बाई. अक्कल दिली. अधिक.' नातवाच्या लग्नात मी त्यांना चांगली भारी साडी नेली. त्यांनी पदर चाचपला, वही काढली, माझं नाव शोधलं. खोडलं मात्र नाही.

"साडी लय चांगली हाय बाई," त्या म्हणाल्या, "पण अजून थोडं ऱ्हायलंय."