नीमाचा तात्पुरता आवाज

"थांबव. जरा मागे घे," नीमा म्हणाली.

मी टेप मागे घेतली. स्क्रीनवर टांझानियातल्या मोरोगोरो गावच्या शाळेचा वर्ग होता. वीस मुलं बाकांवर बसून आमचा कार्यक्रम बघत होती. दुसऱ्या बाकावरची निळ्या स्वेटरमधली मुलगी मात्र खिडकीबाहेर बघत होती.

"ही माझी फुराहा. पुढचे दात पडलेत तिचे. फोनवर काही बोलली नाही."

२००४ सालची गोष्ट. न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या एका छोट्या स्टुडिओत मी व्हिडिओ एडिटर होते. टांझानियातल्या मुलांसाठी आम्ही स्वाहिली भाषेत कार्यक्रम करत होतो. अक्षरं, अंक, हात धुणं वगैरे. नीमा तिथली शिक्षिका. एम.ए. करायला इकडे आली आणि आमच्याकडे स्क्रिप्ट लिहायला लागली. मुलगी मोरोगोरोला मावशीकडे होती, आणि मावशी त्याच शाळेत शिकवायची. नीमाचं व्हिसा रिन्यूअल अडकलेलं. देशाबाहेर पडली तर परत येता येईल याची खात्री नाही. अडीच वर्षं तिनं मुलीला पाहिलं नव्हतं.

आमची टेस्ट साधी असते. पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, मुलांना दाखवायचा आणि त्यांचं शूटिंग करायचं. मग दर पाच सेकंदांनी किती जणांची नजर टीव्हीवर आहे ते मोजायचं. मोजायला नीमाकडे दुसरा बाक होता. तिनं कागदावर स्वतःच्या मुलीच्या नावापुढे "नॉट लुकिंग" अशी खूण केली.

एका जागी अकरा मुलांची नजर हलली होती. बकरीची बाहुली शेजारच्या काकूंकडे मीठ मागायला जाते आणि बेल दाबते, तिथे. बेलचा आवाज मीच टाकला होता.

"म्युझिक वाढव, कट्स फास्ट कर," आमची बॉस लिंडा म्हणाली. "पुढच्या टेस्टला आकडे सुधारले नाहीत तर सीरिज कॅन्सल."

"बेल काढा," नीमा म्हणाली. "आमच्याकडे बाहेर उभं राहून 'होडी', म्हणजे 'आत येऊ का', म्हणतात. आतून 'कारिबू', म्हणजे 'या', असं उत्तर आल्याशिवाय कोणी आत जात नाही. होडी म्हटलं की बकरीनं थांबायचं. उत्तर मुलांना देऊ दे."

"किती थांबायचं?"

"चार सेकंद."

"चार सेकंद शांतता? मुलं उठून जातील!"

वर्ध्याला आमच्याही दाराला बेल नव्हती. "आहे का कोणी घरात?" म्हणत माणसं ओसरीत थांबायची. मी हे विसरून कसं गेले, याचं वाईट वाटत होतं. शेवटी म्हणाले, "लिंडा, एकदा करून तर बघू."

"एकदाच," ती म्हणाली.

बकरीला आवाज देणारी बाई त्या आठवड्यात नव्हती आणि टेप नेणारं कुरिअर संध्याकाळीच जाणार होतं. अशा वेळी आम्ही स्क्रॅच, म्हणजे तात्पुरता आवाज वापरतो. मी नीमाला रेकॉर्डिंग बूथमध्ये उभं केलं. पहिले दोन टेक वाचल्यासारखे झाले. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले आणि कुणाच्या तरी अंगणात उभं राहून मारावी तशी हाक मारली.

तीन आठवड्यांनी दुसरी टेप आली. बकरी दारापाशी पोचली.

"होडी!" नीमाचाच आवाज.

एक सेकंद. दोन. लिंडानं माझ्याकडे पाहिलं. आणि सगळा वर्ग ओरडला, "कारिबू!"

लिंडानं टाळी वाजवली. मी मात्र दुसऱ्या बाकाकडे बघत होते. फुराहा जागेवर नव्हती. ती उठून वर्गाच्या दाराशी गेली होती. दार उघडून बाहेरच्या मैदानाकडे बघत उभी होती. पुढचा सीन सुरू झाला, मुलं हसली, ती तिथेच. मग मावशी आली आणि हाताला धरून तिला जागेवर घेऊन गेली.

नीमाच्या हातात पेन्सिल होती. दर पाच सेकंदांनी ती खूण करत राहिली. नॉट लुकिंग. नॉट लुकिंग. कागद पूर्ण भरून तिनं तो लिंडाच्या टेबलावर ठेवला आणि पार्किंगमध्ये निघून गेली. मी मागोमाग गेले.

"शुभा, मी जाते आता घरी."

"आणि व्हिसा?"

"राहू दे."

वीसपैकी एकोणीस मुलं शेवटपर्यंत बघत होती. सीरिज मंजूर झाली. नीमानं शेवटच्या रिपोर्टमध्ये लिहिलं, की यापुढचं सगळं काम टांझानियातच, दार-एस-सलाममध्ये, तिथल्याच लोकांनी करावं. न्यू जर्सीची गरज नाही. "हिनं आपल्या स्टुडिओचंच काम घालवलं," लिंडा म्हणाली, पण सही केली. नीमाला नेवार्क एअरपोर्टवर मीच सोडलं. ती सिक्युरिटीच्या रांगेत दिसेनाशी झाल्यावरही मी बराच वेळ तिथे रेंगाळले. मलाही वर्ध्याला जायचं होतं. डिसेंबरचं माझं तिकीट मी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी कॅन्सल केलं होतं.

सीरिज तिथे तयार झाली, चांगली झाली असं ऐकलं.

तेव्हापासून कामात एक नियम पाळते. तात्पुरत्या आवाजासाठी कुणालाही बूथमध्ये उभं करण्याआधी विचारते: ऐकणाऱ्यांत तुझं कोणी आहे का?