पट्टेरी मासे आणि सारवलेली भिंत

पनवेलच्या जुन्या माणसांना गोदूबाई टिपणीस आठवतात त्या त्यांच्या एका खोडीमुळे. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या, तरी ओटी भरून घेण्याआधी मागच्या दारी जाऊन यायच्या. परसात फुटका माठ, गुरांची डोण, विसरलेली बादली, कशातही पाणी साचलेलं दिसलं की विचारणं नाही, सवरणं नाही. सरळ पालथं घालायच्या. एकदा एका नव्या सुनेनं तुळशीसाठी भरून ठेवलेलं पाणीही त्यांनी ओतून दिलं. सून रडकुंडीला आली, तेव्हा सासूनं तिला बाजूला घेतलं. "बोलू नकोस काही. त्यांचं वेगळं आहे."

त्यांचं वेगळं होतं ते त्यांच्या यजमानांच्या माशांपासून.

कमळाकर टिपणीस मामलेदार कचेरीत कारकून होते. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कचेरीच्या कामानं एकदा मुंबईला एका पारशी गृहस्थाच्या घरी गेले आणि तिथून परतले ते काहीतरी लागल्यासारखे. जेवताना एकदम म्हणाले, "अगं, दिवाणखान्यात काचेचा हौद. त्यात बोटाच्या पेराएवढे मासे, अंगावर निळे-सोनेरी पट्टे. सगळे एकदम वळतात बघ, जणू एकाच जिवाचे!"

"तळायला फार लहान," गोदूबाई म्हणाल्या.

टिपणीस कायस्थ. त्यांच्या घरात मासा म्हटला की ताटच डोळ्यांपुढे यायचं.

पण पुढच्या पावसाळ्यात कमळाकरांना तेच मासे गाढी नदीकाठच्या भातखाचरांत सापडले. गोदूबाईंचं जुनं मऊ लुगडं दोन टोकांना धरून त्यांनी ते स्वतः पकडले. लोहाराकडून लोखंडी चौकट करून घेतली, काचा बसवल्या आणि पेटी पडवीत ठेवली. पडवीला मातीच्या भिंती होत्या, एक खिडकी होती, आणि तिथंच त्यांची एकुलती एक मुलगी मालू झोपायची. मासे आल्यावर तर तिनं आपली उशी पेटीच्या पायथ्याशीच नेली. तिचा एक खेळ होता. दोन्ही हातांनी टाळी वाजवायची; मासे लखकन वळून कोपऱ्यात गोळा व्हायचे, आणि ती खिदळायची. "आई, त्यांना ऐकू येतं!"

मासळीची पाटी घेऊन येणारी जनी कोळीण पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची. "काय गो वैनी, ह्ये मावरं कंच्या कालवनाचं? सगला हौद रांधला तरी भावजींचा एक घास नाय व्हायचा!"

"त्यांना पोसायचं आहे, जने, खायचं नाही."

"आनि खायला काय घालता?"

गोदूबाईंनी मानेनं परसाकडे खूण केली. तिथं जांभळीच्या सावलीत काठ फुटलेला एक रांजण होता. कमळाकरांनी त्यात पाणी आणि थोडा पालापाचोळा मुद्दाम ठेवला होता. डास त्यात अंडी घालत, अळ्या वळवळत. सकाळी ते मलमलीच्या फडक्यानं त्या गाळून माशांना घालत. अळ्या पडल्या की मासे वेड्यासारखे उसळत. कमळाकर अभिमानानं सांगायचे, "माझे मासे डास खातात. डास मारायचं जे काम सरकार आता करतंय, ते मी आधीच सुरू केलंय."

जनीनं रांजणात डोकावून पाहिलं. ती हसली नाही. "आमी होडीत पानी साचू देत नाय. साचल्या पान्यात काय जल्मंल, सांगता येत नाय."

त्या काळी हिवतापाविरुद्ध सरकारची फवारणी सुरू झाली होती. पाठीवर पंप घेतलेली माणसं घरोघर येत, भिंती ओल्या करत आणि दाराच्या चौकटीवर तारीख रंगवून जात. पहिल्या वर्षी कमळाकरांनी पेटीवर ओलं पोतं टाकलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत माशांची रांग विस्कटली. एक वर, एक तळाशी, एक काचेला अंग घासत. एकमेकांना ते जणू ओळखेनासेच झाले. सकाळी सगळे पाण्यावर उताणे तरंगत होते. कमळाकर त्या दिवशी जेवले नाहीत. मग पुन्हा लुगडं घेऊन खाचरांत गेले आणि नवे मासे आणले.

दुसऱ्या वर्षी फवारणीवाले येणार, तेव्हा कचेरीतल्या माणसानं नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. कमळाकरांनी पेटी शेजाऱ्यांच्या बंद माडीवर नेऊन ठेवली, रांजणावर पोतं टाकून वर लाकडं रचली. माणसं आली, फवारून, चौकटीवर तारीख घालून गेली. त्यांची पाठ वळताच कमळाकर म्हणाले, "गोदू, पडवी आजच सारवून घे. भिंतीसुद्धा. जाड हात दे."

"अहो, त्यांनी सांगितलंय, भिंतीला हात लावू नका, औषध झाकलं गेलं तर डास मरत नाहीत म्हणून."

"तू शेण-मातीनंच सारवणार आहेस ना? सणावारी सगळं गाव सारवतं. कोण विचारतंय?"

गोदूबाईंनी पदर खोचला आणि हात दिला. भिंत सुरेख झाली, बोटांच्या अर्धवर्तुळांची नक्षी उमटली. औषधाचा वास शेणाच्या वासाखाली बुजला. पेटी परत आली, मासे जागच्या जागी फिरू लागले, आणि मालूची उशी पुन्हा पायथ्याशी गेली. रांजण मात्र सकाळी अळ्या गाळून झाल्या की पुन्हा तसाच लाकडांखाली झाकला जायचा; फटींतून डास येत-जात राहायचे.

भाद्रपदात मालूला थंडी वाजली. तीन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. मग अंग तव्यासारखं तापलं, मग घाम फुटून पोर चिंब झाली. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पेज प्याली, माशांशी बोलली. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. गोदूबाई गोधड्यांवरून तिला मिठी मारून बसल्या. समोर मासे अगदी निरोगी होते. एवढे तेजदार पट्टे त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. सगळे एका दिशेला तोंड करून हलत होते, आणि पोर थरथरत होती.

गावातले वयस्क डॉक्टर आले. नाडी पाहिली, पोट दाबलं, जीभ पाहिली. "हिवतापच म्हणालो असतो," ते म्हणाले, "पण या आळीत यंदा एकही रोगी नाही. घर फवारलंय ना?"

"फवारलंय," कमळाकर म्हणाले. "चौकटीवर तारीख आहे."

डॉक्टरांनी चष्मा वर करून चौकट पाहिली. मान डोलावली. "मग विषमज्वर असेल. दूध-पाण्यावर ठेवा."

गोदूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांचा हात आपोआप भिंतीवर गेला. बोटं बरोबर आपल्याच नक्षीत बसली. बोलायला तोंड उघडलं, पण यजमानांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर पायऱ्या उतरून गेले.

"सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"कचेरीत कळलं तर तोंड दाखवायला जागा उरेल का? डॉक्टरांना समजत नाही, आणि तुला समजतं?"

पुढचे काही दिवस ताप उतरलाच नाही. मालू बरळू लागली. डोळे उघडे, पण आईला ओळखेना. "ते मोडले," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची. गोदूबाई दर वेळी वळून पाहायच्या. माशांची रांग मोडली नव्हती, ते एकत्रच होते. नेमक्या अशाच वेळी जनी पाटी घेऊन दारात आली. पाटी उतरवायलाही ती थांबली नाही. पोरीकडे पाहिलं, मग परसाकडे.

"वैनी, त्यो रांजन अजून हाय?"

गोदूबाई उठल्या. त्या तशाच, डोक्यावरचा पदर सावरत, भर दुपारी भर बाजारातून डॉक्टरांच्या दवाखान्यात गेल्या. बाकावर माणसं बसली होती. त्यांच्या देखत त्या म्हणाल्या, "घर फवारलं होतं. मी त्याच दिवशी सारवलं. आणि परसात आम्ही डास पाळतो."

बाकावरचं कुणीतरी हसलं. डॉक्टर हसले नाहीत. पिशवी उचलून ते त्यांच्याआधी बाहेर पडले.

कमळाकर कचेरीतून धावत आले, तेव्हा रांजणावरची लाकडं गोदूबाई एकेक करून फेकत होत्या. पोतं ओढलं आणि आतून डासांचा करडा लोळ उठून त्यांच्या तोंडावर आला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. खांदा लावून रांजण लोटला. पाणी मातीत जिरेपर्यंत अळ्या वळवळत राहिल्या. पडवीत डॉक्टर मालूच्या दंडात हिवतापावरची सुई टोचत होते, आणि "उशीर झालाय, उशीर झालाय" असं स्वतःशीच पुटपुटत होते.

मालू वाचली. नवरात्रात ती उठून बसली, भाताचा घास मागितला. कमळाकरांनी देवापुढं नारळ फोडला, मग पेटी उचलून नदीवर न्यायला निघाले. पण मालूनं पेटीला मिठी मारली, म्हणून त्या दिवसापुरती ठेवली. ती काचेला नाक लावून बसली. गोदूबाई चुलीशी होत्या. खूप दिवसांनी घर घरासारखं वाटत होतं. फळीवरून पितळेचं पातेलं काढताना ते त्यांच्या हातून निसटलं, फरशीवर आपटलं आणि घणघणत पडवीच्या उंबऱ्यापर्यंत गेलं.

मासे लखकन वळले आणि कोपऱ्यात गोळा झाले.

मालू जागची हलली नाही. कोपऱ्यातल्या माशांकडे पाहत तिनं विचारलं, "आई, हे कशाला घाबरले?"

गोदूबाई दारात आल्या. "मालू," त्यांनी हाक मारली. मग जरा मोठ्यानं. मग त्यांनी आपले दोन्ही हात वर केले आणि, मालू वाजवायची तशी, जोरात टाळी वाजवली.