राहीबाईंच्या गावचं शून्य

सत्यशीलाचा राग नगरच्या त्या पाणलोट संस्थेत सगळ्यांच्या ओळखीचा होता. ती देवळाली प्रवराची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. पण पूर्वेकडच्या कोरड्या गावांचा पाऊस आता तिच्या कॉम्प्युटरमध्ये जमा व्हायचा. गावोगावी पर्जन्यमापक वाचणारी माणसं मोबाईलवरून एक्सेलच्या फायली पाठवायची आणि हिचं डोकं फिरायचं. आकड्याच्या जागी कुणी 'भुरभुर' लिही, कुणी 'बरा पडला'. "मला मिलिमीटर पाहिजेत, गप्पा नकोत!" म्हणून ती फोनवर एकेकाला फैलावर घ्यायची. शेवटी वैतागून तिने सोयच करून टाकली. फाइल इम्पोर्ट होताना ज्या रकान्यात आकडा नसेल, तिथे आपोआप शून्य पडायचं. कटकट मिटली.

सप्टेंबर सरला आणि संस्थेने अतिवृष्टीच्या गावांची यादी केली. त्या गावांच्या तलावांचे फुटलेले सांडवे पुढच्या पावसाळ्याआधी बांधून मिळणार होते. दुपारी पाथर्डीकडून राहीबाईंचा फोन आला. त्यांच्या गावचं पावसाचं माप त्याच वाचायच्या.

"ताई, आमचं गाव यादीत कसं न्हाई?"

"तुमच्याकडे पाऊसच नाही झाला, राहीबाई. एकवीस तारखेपासून पुढे शून्य आहे."

"शून्य?" राहीबाईंचा आवाज चढला. "अवो, सांडवा फुटून पानी वस्तीत शिरलं! माझ्या शेरड्या गेल्या. तुमचं मापबी त्यातच गेलं. मी लिवलं हुतं की तसं!"

"मग आकडा का नाही टाकला?"

"कशानं मोजू? पदरानं?" राहीबाईंनी फोन आपटला.

चूक त्यांच्याच पदरात घालायची म्हणून सत्यशीलाने मूळ फाइल उघडली. एकवीस तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं, 'माप वाहून गेलं. लई पडला.' ते वाचून तिच्या अंगाची लाहीलाही झाली. एवढा पूर तिच्याच सोयीने पुसून टाकला होता. ती तशीच अमृत सरांच्या केबिनमध्ये घुसली.

"सर, यादी थांबवा. ते शून्य खोटं आहे. मी घातलंय."

संस्थेचा कारभार बघणारे अमृत सर शांतपणे म्हणाले, "रिकामा रकाना वरच्या ऑफिसात चालत नाही. काहीतरी आकडा घाल."

"कशानं मोजू, सर? पदरानं?" ती ओरडली. बाहेरच्या टायपिंगचा आवाज थांबला. "न मोजलेलं शून्य चाललं ना तुम्हाला? मग आता गाडी द्या. सांडव्याला किती भगदाड पडलंय ते मोजून आणते. तोही आकडाच आहे."

दुसऱ्या दिवशी ती त्या गावात पहिल्यांदा गेली. सांडव्याचं अर्धं दगडी बांधकाम खाली ओढ्यात पडलं होतं. तिने टेपचं एक टोक राहीबाईंच्या हातात दिलं. राहीबाईंनी ते घट्ट धरलं, पण कपाळावरची आठी काही गेली नाही.

"आता तरी खरं लिवा," त्या म्हणाल्या.