शांतानं हात लावला का मशीन बंद

हे झालं तवा घरात पाच जनं होते: मी, माही पोरगी रेखा, जवाई प्रल्हाद, माही ननंद शांता, आन फोटोतले आमचे मालक. मालक काई बोलले नाई. जित्तेपनीबी बोलत नव्हते, आन तेच तर सारं नडलं!

मालकाची गोटीची मशीन होती. रेखा तिले पिनबॉल म्हनते. काचीखाली लोखंडाची गोटी सुटे, खांबाखांबाले टकरा खाये, लाइट लागे, घंट्या वाजे. कौंडण्यपूरच्या जत्रेत ह्याच मशीनीवर आमी पोट भरलं. रेखाले पाठीशी बांधून मी रांग सांभाळत होती. पायाले फोड, पोटात कोरडी भाकर. पन घंट्या वाजल्या का वाटे, आपन झोपलो हावो आन नदीपल्याडून कोनी गाई घरी आनून राहिलं.

मालक गेले, मशीन मुकी झाली. मंग मी तिच्या काचीवर कुरड्या वाळवल्या. (मस्त वाळते. काच तापते!)

रेखा अकोल्यात टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्त करते. दिवाळीले नांदगावले आली तं म्हने, "आई, बाबाची मशीन चालू करतो." तिनं टोपलंभर गंजलेलं सामान आन तारा काढल्या, आन आगपेटीएवढं सर्किट बसवलं.

"पोरी, टोपलंभर गेलं न आगपेटीभर आलं. कोनी फसवलं तुले?"

"आता असंच असते, आई. घंट्याबी काढतो, स्पीकर लावतो. सारे आवाज येते त्यात."

"ह्या घंट्या बाबानं लावल्या. स्पीकरात बाबाचा हात येते का?"

घंट्या तशाच राहिल्या.

आता शांताचं सांगतो. रेखा पोटात होती तवा माहे पाय सुजले, म्हून मी चांदीचे जोडवे काढून कोनाड्यात ठेवले. ते गेले! घरात शांता तेवढी आलती. मी साऱ्या गल्लीले सांगतलं. तवापासून शांता माह्या घरून निघाली का दारात उभी राहून पदर झटकून दाखवते. रेखाचे केस पांढरे व्हाले आले, तरी झटकूनच राहिली!

मशीन तयार झाली. दार लोटून अंधार केला. निळा-लाल उजेड काचीवर असा पसरला, जसं पान्याखाली गाव. टन्... टन्... मी डोळे मिटले. फोडबी आठवले नाई.

जवाई खेळले, मी खेळली. मंग शांता म्होरं आली. ती अंगानं भरलेली, मशीनले टेकून उभी राहिली. फट्! सारं बंद.

"आत्याबाई, काय केलं वो?" जवाई म्हनले.

"म्या काय केलं बाप्पा? नुसता हात लावला!"

पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्या वक्ती माह्या तोंडून निसटलं, "मशीनलेबी चोर वळखू येते!"

शांतानं थैली उचलली, दारात गेली, पदर झटकला.

"थांब आत्या!" रेखा वरडली. "धक्का मारून कोनी गोटी वाचवू नये म्हून आत तारेले वजन लटकते. मशीन हलली का ते भोवतालच्या कड्याले लागते आन खेळ बंद! बाबाचंच जुनं वजन ठेवलं मी. लयच हलून राहिलं, पाहतो."

तिनं हात घालून ते काढलं. लाल दोऱ्यात बांधलेलं, काळंकुट्ट. गाठ मालकाची. मी पदरानं घासलं तं चांदी निघाली, वर मासोळी कोरलेली. माहे जोडवे!

सारे फोटोकडं पाहून राहिले.

"मामा," जवाई म्हनले, "आता तं बोला!"

जत्रेत मशीनीचं वजन हरपलं असन, मालकानं कोनाड्यातलं उचललं असन. आन मंग मी इतकी बोंबलली का बिचाऱ्याची सांगाची हिंमतच नाई झाली.

"शांता, चुकली बाई."

"ऐकू नाई आलं, वयनी."

"चुकली!"

"तवा गल्लीले सांगतलं होतं. गल्लीले ऐकू जाऊ दे."

मी दारात उभी राहून वरडली. तवा कुठं शांतानं थैली खाली ठेवली. "आता च्या टाक. आन जोडवे तिथंच लटकू दे. मशीन बंद पडली का तू असंच वरडाचं."

औंदा मशीन कौंडण्यपूरले नेली हाय. वाचनाऱ्याईले येकच इनंती: या, मन भरून खेळा, पन मशीनले धक्का देऊ नका. शांता बाजूलेच स्टुलावर बसली असते, आन माहा घसा पार बसला हाय.